उलटी घातलेली होडी

बेळगावला टिळकवाडीत माझं आजोळ. समोरच्या बंगल्यातल्या डॉक्टरांकडे एक पांढरी, दोन दारांची, खेळण्यातून उचलून आणल्यासारखी गाडी होती. दुपारी डॉक्टर झोपले की आम्ही पोरं जाऊन तिच्यावर बोटांच्या पेरांनी वाजवून यायचो. अँबॅसिडरवर वाजवलं की टण्ण व्हायचं, पद्मिनीवर जरा बारीक. हिच्यावर मात्र टक्. जुन्या सुटकेसवर वाजवावं तसं. आजी तिला प्लास्टिकची मोटार म्हणायची, आणि गल्लीत अशी बोलवा होती की एका गाईनं तिचा मागचा कोपरा खाल्लाय. कोपरा चांगला शाबूत होता, तरी आम्ही पाहुण्यांना तो दाखवायचो.

ती सिपानी डॉल्फिन होती हे कळायला पुढे वीस वर्षं गेली, आणि ती विकत घ्यायला आणखी सतराएक.

२०२१च्या दिवाळीनंतर मामेभावाचा फोन आला. डॉक्टर कधीच गेले होते. बंगला पाडून तिथं फ्लॅट होणार होते आणि गाडी चिंचेखाली चौदा वर्षं उभी होती. "भंगारवाला बघून गेला. पत्रा नाही म्हणून घेत नाही म्हणाला," असं तो हसत सांगत होता. दुसऱ्याच शनिवारी मी कोल्हापूरहून निघाले. टपावर शेवाळ, वायपरमध्ये पिंपळाचं रोप, आत उंदरांचा संसार. मी आधी बॉनेटवर पेर वाजवलं. टक्. सत्तर हजारांना सौदा झाला. एवढ्यात बरी चालती मारुती आली असती, हे नवऱ्यानं तेव्हाही सांगितलं आणि नंतरही अधूनमधून सांगितलं.

ही गाडी काय होती ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचा खटाटोप उगाच वाटेल. बंगळुरूच्या सिपानी कंपनीनं सत्तरच्या दशकात आधी 'बादल' नावाची फायबरची तीनचाकी काढली होती. मग १९८२ साली डॉल्फिन आली. मूळ गाडी इंग्लंडमधल्या टॅमवर्थच्या रिलायंट कंपनीची 'किटन'. अंग फायबरग्लासचं, खाली पोलादी चेसिस, पुढे ८४८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि त्याचा ब्लॉकसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचा. ज्या देशात रस्त्यावर टनाहून जड अँबॅसिडर चालत होत्या तिथं ही अर्ध्या टनाच्या आसपासची. त्या काळच्या रॅल्यांमध्ये तिनं नाव काढलं ते ह्या हलकेपणावरच. पण १४ डिसेंबर १९८३ला पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिली गेली. तिला चार दारं होती, जपानी इंजिन होतं, आणि मागे सरकार उभं होतं. सिपानीनं मग चार दारांची माँटाना काढली, डिझेल इंजिन घालून पाहिलं, नव्वदच्या दशकात रोव्हरची माँटेगो जोडून विकली. शेवटी मोटारी बनवणं थांबलं. पुढे टॅमवर्थची रिलायंटही बंद झाली. म्हणजे माझ्या गाडीला सासर नाही आणि माहेरही नाही.

टेम्पोत घालून ती कोल्हापुरात आली तेव्हा माझा अंदाज सहा महिन्यांचा होता. अडीच वर्षं लागली.

आधी इंजिन. माझा मेकॅनिक जुना, पद्मिनी आणि अँबॅसिडर कोळून प्यालेला, पण त्याचा सगळा हात बिडाच्या इंजिनावरचा. चौदा वर्षं, आणि त्याआधीही बहुधा कित्येक वर्षं, रेडिएटरमध्ये साधं नळाचं पाणी. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातून, पोलादी स्टड म्हणजे लांब बोल्ट जातात. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षाराचं पाणी असलं की काय होतं ते आम्ही शाळेत शिकलो होतो, इथं डोळ्यांनी बघितलं. स्टडभोवती पांढरी भुकटी दाटून हेड असं बसलं होतं की जणू एकाच ओतकामातलं. मेकॅनिकनं हातोडा उचलला तेव्हा मीच मध्ये पडले. तीन आठवडे रोज संध्याकाळी प्रत्येक स्टडच्या बुडाशी तेल सोडायचं आणि लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हलकेच ठोकायचं, एवढंच चाललं. एका गुरुवारी हेड दोरा जाईल इतकं उचललं. त्या रात्री आम्ही सगळ्यांनी कटवडा खाल्ला.

पण खरी चूक त्यानंतर झाली. ह्या इंजिनात लायनर ओले असतात, म्हणजे सिलिंडरच्या नळ्या ब्लॉकमध्ये सुट्या बसवलेल्या आणि त्यांच्या बाहेरून थेट पाणी खेळतं. वर हेडचा दाब असतो तोवर त्या बुडाच्या सीलवर घट्ट बसतात. हेड काढल्यावर क्रँक, म्हणजे पिस्टन वरखाली करणारा दांडा, फिरवायचा नाही, फिरवायचाच असेल तर आधी लायनर वरून पट्ट्यांनी दाबून धरायचे. मला हे वाचून माहीत होतं. मेकॅनिकला सांगायचं राहिलं असं मी म्हणते, त्याला विचारलं तर तो म्हणेल सांगितलं होतं पण मी ऐकलं नाही. त्यानं पिस्टन वर आणायला क्रँक अर्धा फेरा फिरवला. दोन नंबरचा लायनर पिस्टनबरोबर केसभर उचलला आणि परत बसला. दिसायला काहीच नाही. नवं गॅस्केट घातलं, हेड मधून बाहेरच्या क्रमानं कसलं, इंजिन सुरू केलं आणि अंगणात नारळ फोडला. चार दिवसांनी डिपस्टिक काढली तर ऑइल चहाच्या रंगाचं, दुधाच्या. पाणी खाली उतरलं होतं.

पुन्हा सगळं खोलायचं. सील इंग्लंडहून मागवावे लागले. त्यातल्या त्यात नशीब एवढंच, की हेच इंजिन रिलायंटच्या तीनचाकी गाड्यांमध्ये पंचवीसेक वर्षं चाललं, त्यामुळे तिकडच्या हौशी मंडळींनी सुटे भाग जिवंत ठेवलेत. लिफाफ्याएवढं पाकीट कस्टमच्या कचेरीत माझ्या अंदाजपत्रकापेक्षा जास्त दिवस राहिलं. ते आल्यावर मेकॅनिकनं स्वतः चार पट्ट्या कापून आणल्या, लायनर दाबून धरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, आता फिरवू का?"

आता अंगाबद्दल. डेंटिंगवाल्याकडे गेले तर त्यानं चारी बाजूंनी हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, ह्यो पत्राच न्हाई. मी ठोकू काय?" दुसरा जास्त धीट निघाला. सगळ्या भेगांवर त्यानं पुट्टी ओढली, घासली, प्रायमर मारला, वर पांढरा रंग. गाडी आठवडाभर नवरीसारखी दिसत होती. उन्हाळा लागला आणि दीड महिन्यात प्रत्येक भेग आपापल्या जागी परत उमटली, कोळ्याच्या जाळ्यासारखी, मागच्या चाकावर तर तळहाताएवढी. पैसे गेले ते गेले, वर ती पुट्टी काढायचं कामही वाढलं.

मग सुचलं ते खरं तर माझ्या भाच्याला. तो रत्नागिरीला नोकरीला आहे. म्हणाला, "मावशी, फायबरचं काम गॅरेजवाल्याला कशाला देतेस? आमच्याकडे होड्या फायबरच्याच करतात." आंबा घाटातून टेम्पो उतरला तो फेब्रुवारी २०२३.

मिरकरवाड्याच्या बंदरापासून थोड्या अंतरावर एका मेस्त्रींचा मांडव होता. तीन अर्धवट होड्या, त्यांच्यात माझी गाडी उतरवली. मेस्त्री साठीच्या पलीकडचे, अंगावर बनियन, हाताला राळेचे पापुद्रे. त्यांनी आधी गाडीकडे बघितलंच नाही, सरळ गुडघ्यावर बसून खालून, चाकाच्या कमानीतून आतल्या बाजूला हात घातला. बऱ्याच वेळानं हात बाहेर काढून म्हणाले, "ही गाडी नाय गो बाय. ही उलटी घातलेली होडी हाय."

मग खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि त्यानं वाजवायला लागले. मी लहानपणी करायचे तेच, फक्त त्यांना ऐकू येत होतं. टक्, टक्, टक्, आणि मग एका जागी थप्. तिथं खडूनं गोल. थप् म्हणजे आतले थर सुटलेत, मध्ये हवा शिरलीय. डावा मागचा कोपरा, दोन्ही दारांचे बिजागरीकडचे भाग, बॉनेटचा मध्य. संध्याकाळपर्यंत गाडीवर सतरा गोल झाले. गाईनं खाल्लेला म्हणून आम्ही दाखवायचो त्या कोपऱ्यावर एकही नव्हता.

भेगा परत का येतात हे त्यांनी मला ग्राइंडर लावून दाखवलं. वरची गुळगुळीत दिसते ती जेलकोटची पातळ पापडी. भेग तिच्यात दिसते, पण बहुतेक वेळा खालचं मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांचा थर, लवतं म्हणून ती पडते. पुट्टी म्हणजे मोडलेल्या हाडावर पावडर लावणं. घासत खालपर्यंत जायचं, सुटलेला थर काढायचा आणि कडेला उतार द्यायचा. एक मिलीमीटर जाडीला बारा मिलीमीटर उतार, म्हणजे नव्याला जुन्यावर धरायला जागा मिळते. भर घालायची ती शक्य तितकी आतून, बाहेरून फक्त शेवटचा हात. ग्राइंडरची धूळ काचेची. मी हौसेनं अर्धा तास मदत केली आणि दोन रात्री कोपरापर्यंत खाजवत बसले. मेस्त्रींच्या सुनेनं गार पाण्यानं हात धुवायला सांगितलं, गरम पाण्यानं ती आणखी आत शिरते म्हणे.

रेझिनचं काम बघणं मला सगळ्यात आवडलं. मधासारखं रेझिन डब्यात घ्यायचं, त्यात जांभळं कोबाल्ट घालून ढवळायचं, मग लावायच्या आधी हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत सरळ ओतायचे नाहीत, भडका उडतो. म्हणून दोन्ही बाटल्या मांडवाच्या दोन टोकांना ठेवलेल्या. हार्डनर पडलं की पंधरा-वीस मिनिटं हातात. मॅटचा तुकडा ठेवायचा, ब्रशनं टिपत टिपत भिजवायचा, पांढरं मॅट हळूहळू पारदर्शक होतं, मग खाचांचा लोखंडी रोलर फिरवून बुडबुडे कडेला काढायचे. डब्यातलं उरलेलं घट्ट होताना हाताला चटका बसेल इतकं तापतं. हे सगळं पावसाआधी उरकायला हवं होतं, कारण हवेत ओल शिरली की वरचा थर चिकट राहतो.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. उजव्या दाराची आतली पट्टी काढली होती. "बघ, हितं पातळ." मग डावं दार. "आनि हितं जाड." माप घेतलं तर एकीकडे तीन मिलीमीटर, दुसरीकडे जवळजवळ पाच. एकाच गाडीची दोन दारं. "हातानं घातलेला हाय. ह्या दाराला मानूस ताजा हुता, त्या दाराला दमलेला," असं ते म्हणाले, कुठलं कुठल्या वेळचं ते मात्र मला सांगेनात. डाव्या दारात, थरांच्या मध्ये, ब्रशचा एक काळा केस अडकला होता. १९८३ साली बंगळुरूत कुणाच्या तरी ब्रशचा. मेस्त्रींनी तो काढला नाही. वरून नवा थर घातला.

त्याच दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "साच्यातना दिसाला किती काढीत हुते?" मला आकडा माहीत नव्हता. मग त्यांनीच हिशेब मांडला. साचा पुसायचा, मेण लावायचं, जेलकोट, तो सुकायची वाट, मग थर, परत वाट, मग सोडवणं. साचा तेवढा वेळ अडकलेला. जास्त गाड्या हव्यात तर जास्त साचे, जास्त माणसं, मोठी शेड. पत्र्याचा प्रेस मात्र एका दणक्यात दार काढतो. पण तो प्रेस आणि त्याचे डाय घ्यायलाच इतका पैसा लागतो की बंगळुरूच्या एका छोट्या कंपनीनं तो विचारही करू नये. फायबर होतं म्हणूनच ती गाडी बनवू शकली. आणि दणक्यात दारं काढणारा कुणी समोर आला तेव्हा फायबरमुळेच तिचे हात बांधलेले होते. मी इतकी वर्षं 'मारुतीनं मारलं' असं एका वाक्यात सांगायचे. मेस्त्रींना मारुतीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी भाकरी संपवली आणि "आमचा पन तसाच हाय," म्हणून उठले.

(आपल्याकडे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वतःच्या हिमतीवर 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली होती, तीही कारखान्यापर्यंत पोचली नाही. मेस्त्रींना मी ती गोष्ट सांगितली. त्यांनी फक्त विचारलं, "त्येचा साचा हाय कुठं?")

विजेचं काम मी थोडक्यात उरकते, कारण त्यात मीच मूर्ख ठरले. कोल्हापुरात परत आल्यावर ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटायचे, हेडलाइट लावला की हॉर्न मुका. दोन इलेक्ट्रिशियन झाले, नवी बॅटरी झाली. शेवटी तिसऱ्यानं, विशीतल्या पोरानं, विचारलं, "अर्थ कुठून घेतलाय?" लोखंडी गाडीत दिव्याची एक वायर अंगाला लावली की काम होतं, अंगच परतीची वाट असतं. फायबरमधून वीज वाहत नाही. प्रत्येक दिव्याला चेसिसपर्यंत स्वतःची परतीची वायर हवी, आणि आधीच्यानं जुन्या 'जादा' वायरी समजून त्या कापून टाकल्या होत्या. पोरानं एका दिवसात अकरा वायरी ओढल्या. हॉर्न इतका मोठा वाजला की शेजारच्या काकू बाहेर आल्या.

राहिले कागद. २०२१च्या नियमांत विंटेज गाडी म्हणजे पन्नास वर्षं पुरी झालेली. माझी १९८३ची, म्हणजे २०३३ला ती त्या रांगेत बसेल. तोवर ती फक्त एक म्हातारी परराज्यातली गाडी. कर्नाटकातून ना हरकत, मग इकडे नाव बदलणं, नवा नंबर, कर, आणि नोंदणीचं नूतनीकरण, ज्याची फी २०२२च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजार झालेली. जुनं आरसी बुक कापडी पुठ्ठ्याचं, हातानं लिहिलेलं. ते संगणकात नव्हतंच, म्हणून आधी बॅकलॉग एंट्री. त्या एका शब्दापायी मी चार महिने हेलपाटे घातले. दर वेळी खिडकीवर नवा माणूस, दर वेळी "साहेब नाही आले?" हा प्रश्न, आणि गाडी माझ्याच नावावर आहे हे मी पुन्हा सांगायचं.

पाहणीच्या दिवशी चेसिस नंबरच सापडेना. पेन्सिलीचा छाप घ्यायचा तर आधी आकडे दिसायला हवेत, आणि तिथं चाळीस वर्षांचे रंगाचे थर. गंजत नाही म्हणून ह्या गाडीची कीर्ती, ती अंगापुरती. खालचं चेसिस लोखंडी, दोन ठिकाणी तर मी पट्ट्या वेल्ड करून घेतल्या होत्या. नंबर त्या पट्ट्यांच्या खाली गेला असला तर संपलंच, असं वाटून माझे पाय गार पडले. निरीक्षकांनी स्वतः खाली वाकून किल्लीनं खरवडायला घेतलं. एक आकडा दिसला, मग दुसरा. वेल्डिंग त्याच्या चार बोटं अलीकडे थांबलं होतं. त्यांनी कागद धरून पेन्सिल फिरवली, उभे राहिले, हात झटकले आणि निघता निघता बॉनेटवर पेर वाजवलं. "फायबर?" एवढंच विचारलं. मे २०२४मध्ये एमएच ०९ची पाटी लागली.

पहिला लांबचा फेरा रत्नागिरीचाच केला. घाट उतरताना गाडी इतकी हलकी वाटते की वळणावर आपण तिला वळवतो की ती आपल्याला हे कळत नाही. चढ सोपा गेला, उतारावर मात्र समोरून एसटी आली की तिच्या वाऱ्यानंही स्टिअरिंग हलतं. पाऊस पडला तर डावीकडच्या मागच्या काचेतून पाणी आत येतं. त्या काचेचं रबर अजून मिळालेलं नाही, मी तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली आहे. मेस्त्रींना चक्कर मारून आणली. ते पूर्ण वेळ दाराच्या आतल्या बाजूवर हात ठेवून बसले होते.

परत आल्यावर म्हणाले, "बॉनेट आठ दिस ठेव." मला वाटलं काही राहिलंय. तसं नव्हतं. त्यांना साचा काढायचा होता. मूळ साचे कुठे गेले, आहेत की जळले, कुणाला ठाऊक. बॉनेट चकचकीत करायचं, मेणाचे पाच-सहा हात, वर जेलकोट, मग जाड थर आणि मागे लाकडी सांगाडा. बॉनेटविना गाडी मी भाच्याच्या अंगणात झाकून ठेवली आणि एसटीनं घरी आले.

आता त्यांच्या मांडवात होड्यांच्या साच्यांना टेकवून डॉल्फिनच्या बॉनेटचा साचा उभा आहे. मागच्या डिसेंबरात हुबळीहून एका अनोळखी गृहस्थांचा मला फोन आला, त्यांच्या गाडीवर नारळ पडला होता. त्यांचं बॉनेट मेस्त्रींनी जानेवारीत करून दिलं. दोन्ही दारं मी येत्या एप्रिलमध्ये घेऊन जाणार आहे. जाड कुठलं आणि पातळ कुठलं ते त्यांनी आतून खडूनं लिहून ठेवायला सांगितलंय.